मुखवट्यामागच्या दोन खुंट्या

गेराटींच्या घरात देवाच्या दहा आज्ञांखेरीज एक अकरावी आज्ञा होती, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दहांपेक्षा तीच जास्त पाळली जायची: मुखवट्यामागे विस्तव पेटवायचा नाही.

मुखवटा म्हणजे दिवाणखान्यातल्या भिंतीतल्या शेकोटीचं तोंड झाकणारी बिडाची नक्षीदार चौकट. ट्रॉय या कारखान्यांच्या गावात बिडाला तोटा नव्हता. अर्धं गाव फाउंड्रीत स्टोव्ह ओतायचं आणि उरलेलं अर्धं त्या ओतणाऱ्यांचे डबे भरायचं. संध्याकाळी भट्टीत जो थोडा रस उरे, त्यातून ओताऱ्याने घरासाठी एखादी वस्तू ओतून घ्यावी आणि मुकादमाने नेमकं त्याच वेळी खिडकीबाहेर बघावं, असा तिथला रिवाज होता. त्यामुळे ज्याच्या घरी जाल तिथे दाराला अडण म्हणून बिडाचं मांजर, बिडाचा ससा, नाहीतर बिडाचा कुणीतरी संत उभा असायचा.

डीलियाच्या बापाने, कॉर्नेलियस गेराटीने, मांजर-बिंजर केलं नाही. माणूस अबोल, पण हात सोन्याचा. त्याने एकोणीसशे बाराच्या वसंतात हा मुखवटा ओतला. वर कमान, दोन्ही बाजूंनी चढत गेलेली काटेरी वेल, वेलीला फळं, मध्ये काढता-घालता येणारी झडप. वरून मित्राकडून तांब्याचा मुलामा चढवून घेतला. कमानीच्या अगदी माथ्यावरचं फळ मात्र त्याने कोरलं नव्हतं. ओतायच्या शनिवारी आईबरोबर डबा घेऊन आलेल्या चार वर्षांच्या डीलियाला त्याने उचललं आणि म्हणाला, "दाब इथे." तिने साच्याच्या ओल्या काळ्या वाळूत अंगठा दाबला. वाळूत खळगा पडला, बिडात त्याचा फुगवटा झाला. जवळून पाहिलं तर त्या फळावर अंगठ्याच्या रेघासुद्धा दिसत.

मे महिन्याच्या शेवटी, मृतांच्या स्मृतिदिनी, सगळे थडग्यांवर फुलं वाहून आले की बाप मुखवटा बसवी, आणि पहिलं दव गोठलं की काढून माळ्यावर ठेवी. हिवाळाभर शेकोटीभोवती नुसत्या विटा. कुणी विचारलंच, तर बाप एवढंच म्हणे, "तांब्याला ताप सोसत नाही." बाप गेला अडतीस साली, आई एक्कावन्न साली. आज्ञा मात्र जिवंत राहिली, कारण ती राखायला डीलिया होती.

आता चौऱ्याहत्तर साल होतं, डीलिया सहासष्ट वर्षांची होती, आणि जुनं घर विकलं गेलं होतं. लग्न केलं नाही, त्यामुळे मूलबाळ नाही. भावाची मुलगी रोझलीन आणि तिचा नवरा वॉल्ट यांनी तिला टेकडीवरच्या आपल्या घरी आणलं होतं. डीलियाने घरातलं सगळं वाटून टाकलं, पलंगसुद्धा. बरोबर आणल्या दोनच गोष्टी, मुखवटा आणि स्वयंपाकघराची एक पेटी. मुखवटा रोझलीनच्या शेकोटीला चिकटवल्यासारखा बसला. इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं. मग नाताळ दोन आठवड्यांवर आला.

"आत्या, नाताळच्या आदल्या दिवशी बारा माणसं येणार आहेत. शेकोटी नाही पेटवायची तर काय तिच्यासमोर बसून हात चोळायचे?"

"पेटव की. मुखवटा काढ आणि पेटव."

"अगं, पण काढला की नुसत्या फुटक्या विटा दिसतात!"

"मग विटांना लिपस्टिक लाव. तुझ्याकडे चार आहेत."

रोझलीनने नवऱ्याकडे पाहिलं. वॉल्ट पोलिश घरातला, अंगाने कपाटाएवढा. पंधरा वर्षं शाळेचा बॉयलर सांभाळलेला, त्यामुळे आग या विषयात आपल्याला कुणी शिकवू नये असं त्याचं मत होतं. डीलियाला तो 'आत्याबाई' म्हणायचा, आणि ती त्याला 'जावईबापू' म्हणायची, दोघंही जरा खवचटपणेच.

"आत्याबाई, तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला.

डीलियाने चमकून पाहिलं. हे वाक्य त्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"नुसती आग पेटवली तर ज्वाळा सरळ कमानीला चाटणार. आधी तांबं काळं पडेल, मग पोपडे धरेल. आणि मी चारी कोपरे आवळून बसवले, तर बिडाला फुगायला जागा नाही, ते तडकेल. कुठे तडकेल, सांगू?" त्याने आपलं जाडजूड बोट कमानीच्या माथ्यावर ठेवलं. अंगठ्यावरच.

"ऐकलंस?" डीलिया रोझलीनला म्हणाली. पण तिची नजर त्या बोटावर होती. त्या घरातलं, त्या माणसांतलं आता एवढंच उरलं होतं, आणि ते बोटभर फळ तडकलं असतं तर तिला पुरून टाकल्यासारखं झालं असतं. हे ती कुणाला बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते वाचता येत होतं.

"पण उपाय आहे," वॉल्ट म्हणाला. "कमानीच्या मागे एक जाड पत्रा टांगायचा. बोटभर फट ठेवून. टांगायचा हं, आवळायचा नाही. आग पत्र्याला लागेल, फटीतून हवा खेळेल, मुखवटा नुसता कोमट राहील."

"आणि नाही राहिला कोमट तर? अंगठा माझा आहे, तुझा नाही."

"माझा असता तर कमानीत मावला नसता."

माप घ्यायला त्याने मुखवटा काढून वर्तमानपत्रावर पालथा घातला, आणि उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.

"आत्याबाई, या दोन खुंट्या कशाच्या?"

कमानीच्या पाठीला दोन बाजूंना बोटाएवढ्या दोन खुंट्या होत्या. डीलियाने त्या लहानपणापासून पाहिलेल्या.

"बीड उरलं होतं म्हणून. बाप तसंच सांगायचा."

"कुठलाही ओतारी उरलेल्या बिडाच्या खुंट्या करत नाही. आणि ही मधली झडप सुटी का? आग पेटवायचीच नव्हती, तर आजेसासऱ्यांनी दार कशाला ठेवलं?"

"हौस," डीलिया म्हणाली, आणि विषय संपवला.

वॉल्टने पुठ्ठा घेतला, कमानीच्या वळणाने कापला, खालची बाजू सरळ ठेवली. खुंट्यांच्या जागी दोन कान ठेवून त्यांना भोकं पाडली. कामावर जायला उशीर झाला म्हणून पुठ्ठा स्वयंपाकघरातल्या टेबलावर तसाच टाकून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डीलियाला स्वस्थ बसवेना. मन थाऱ्यावर नसलं की तिची आई ब्रेड भाजायची, आणि तीही तेच करायची. मैदा, ताक, सोडा, चिमूटभर मीठ. तव्यावर भाजायचा, भट्टीत नाही. गेराटींचा ब्रेड गल्लीत लांबून ओळखू यायचा, कारण सगळ्या जगाचा ब्रेड गोल आणि यांचा अर्ध्या चंद्रासारखा. तवाच तसा होता. बिडाचा, जाड, एक बाजू सरळ, दुसरी वळणदार, वळणावर भोकांचे दोन कान. आई त्या कानांना फडकं धरून तवा उतरवायची आणि मग एका कानाने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची.

डीलियाने पेटीतून तवा काढला. जड होता, हात दुखायला लागला, म्हणून टेबलावर ठेवला. तो नेमका पुठ्ठ्यावर पडला.

आणि पुठ्ठा दिसेनासा झाला.

तिने तवा उचलला. पुठ्ठा. ठेवला. पुन्हा नाही. वळणावर वळण, कानावर कान, भोकावर भोक. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, पण हा वळसा बासष्ट वर्षांचा होता. डीलिया खुर्चीवर बसली. ताकाचं भांडं तसंच उघडं राहिलं.

तिला ती संध्याकाळ आठवली. आठवली म्हणजे काय, ती कधी विसरलीच नव्हती. फक्त आजवर तिचा अर्थ चुकीचा लावला होता.

बाप हातगाडीवर मुखवटा घेऊन आला होता. वर गोणपाट, आणि गोणपाटावर हा तवा सुटा ठेवलेला. आई दारात आली. तिने आधी तवाच पाहिला. आयर्लंडहून येताना तिच्या आईचा तवा मागे राहिला होता, बोटीवर जड सामान नेऊ देईनात म्हणून. त्या तव्यासाठी ती इतकी वर्षं हळहळत होती. भट्टीतल्या ब्रेडला ती 'दुकानदारांचं अन्न' म्हणायची. तिने तवा उचलून छातीशी धरला, एप्रनला काजळी लागली तरी सोडला नाही, आणि रडायला लागली.

"कॉन! तुझ्या लक्षात होतं? माझ्यासाठी केलास?"

बाप तोंड उघडून उभा राहिला होता. हे डीलियाला स्पष्ट आठवत होतं. तो मुखवट्याकडे बघत होता, मग आईकडे, मग पुन्हा मुखवट्याकडे. मग तो म्हणाला, "मग कोणासाठी, होनोरा?"

बाप लाजला, असं डीलिया जन्मभर समजत आली. छे, लाजला कसला! नक्षीमागे टांगायची ढाल बायकोने तवा म्हणून उराशी धरली होती, आणि त्या माणसाने एका क्षणात ठरवून टाकलं. ज्या गावात बिडाचं काहीही घरी येतं, तिथल्या बाईची अशी चूक होणारच. आणि चूक दाखवायची तर तिच्या हातातून तवा काढून घ्यावा लागला असता. दुसरी ढाल ओतून आणली असती तर एकासारखे एक दोन तवे बघून ती ओळखतीच. म्हणून त्याने अकरावी आज्ञा काढली. तांब्याला ताप सोसत नाही. बायकोच्या ब्रेडपायी त्याने सव्वीस हिवाळे आपलं सगळ्यात सुंदर काम माळ्यावर नेऊन ठेवलं, आणि ताकाला तूर लागू दिली नाही.

"अरे माझ्या वेड्या बापा," डीलिया मोठ्याने म्हणाली. रोझलीन धावत आली तेव्हा आत्या तव्याला हात लावून रडत होती, आणि काय झालं ते सांगायला तिला चांगली दहा मिनिटं लागली.

संध्याकाळी वॉल्टने तवा मुखवट्याच्या पाठीला लावला. दोन कान दोन खुंट्यांवर बसले आणि खट्ट आवाज झाला. त्याने फटीत बोट घातलं. बरोबर बोटभर.

"हा माणूस मला बॉयलरवर हवा होता," तो हळूच म्हणाला. मग जरा थांबून, "काय करायचं, आत्याबाई? तुम्ही म्हणाल तसं."

डीलियाने विचार केला. बासष्ट वर्षं तांबं राखलं होतं. बापाच्या हिशेबात चूक निघाली तर अंगठा जाणार होता. पण बापाच्या हिशेबात चूक निघाल्याचं तिला काही आठवेना.

"एक दिवस," ती म्हणाली. "ज्यासाठी केला होता त्यासाठी, एक दिवस."

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी, पाहुणे यायच्या आधी, वॉल्टने झडप काढली, आधी चार काटक्या पेटवल्या, मग हळूहळू लाकडं चढवली. मुखवटा चारी बाजूंनी किंचित सैल बसवला होता. डीलिया समोर खुर्ची टाकून बसली, डोळे कमानीवर. अर्ध्या तासाने ती उठली आणि आपला सुरकुतलेला अंगठा त्या फळावर ठेवला.

रोझलीन पुढे वाकली.

"कोमट," डीलिया म्हणाली. "अंथरुणातल्या पोराच्या कपाळासारखं."

तांब्यावर ज्वाळांची लाली खेळत होती. काटेरी वेल हलल्यासारखी वाटत होती. हे बघण्यासाठी बापाने ती कोरली होती, आणि त्याने ते एकदाही पाहिलं नाही. डीलियाला हे फार लागलं.

आणि मग वास आला.

आधी अगदी पुसट. तव्याच्या अंगात बासष्ट वर्षांचं लोणी, ताक, करपलेला मैदा मुरलेला होता, आणि ते आता मुखवट्याआड तापत होतं. दिवाणखानाभर ब्रेडचा वास पसरला, होनोराच्या ब्रेडचा, शनिवारच्या दुपारचा. वॉल्टच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं. आजी गेली तेव्हा नऊ वर्षांची असलेली रोझलीन म्हणाली, "आजी आली," आणि आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. डीलियाही रडली. आपले आई-बाप एका जागी बसल्याचं तिला आयुष्यात इतकं साफ कधी दिसलं नव्हतं.

नाताळ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेकोटी गार होती. डीलियाने वॉल्टला हाक मारली आणि तवा उतरवून घेतला. राख झाडली, मिठाने घासला, लोणी चोळलं.

"जावईबापू, तुझा तो पत्रा काप आता. जाड घे."

"पत्रा कशाला? हा आहे की. मापात बसतो, आजेसासऱ्यांनीच केलाय तो त्यासाठी."

डीलियाने तवा स्टोव्हवर ठेवला आणि पिठात ताक ओतलं.

"हा माझ्या आईचा आहे," ती म्हणाली. "बापाने दिलाय तिला."