गुरुवारचे खांब

मोनालीने आलेख स्क्रीनवर आणला आणि माइक सुरू केला. दारातल्या घरच्या फुलांच्या दुकानाचा आवाज येऊ नये म्हणून तिने खोलीची खिडकी आधीच लावून घेतली होती.

"आचल, माझी भाची. सात वर्षांची. बोलत नाही, स्वतःचा हात चावते. चावण्याच्या या नोंदी दुपारच्या आहेत, मीच घेतल्या."

अकोल्याहून विशेष शिक्षणाचा ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या प्रतीक्षा मॅडम आलेखाकडे बघत राहिल्या. इतर दिवसांचे खांब बुटके, गुरुवारचे तेवढे उंच.

"तुझा निष्कर्ष काय?"

"गुरुवारी हारांचं गिऱ्हाईक जास्त, मॅडम. गर्दीचा त्रास होते तिले."

"गर्दी तर रविवारीही लिहिली आहेस तू. मग रविवारी काहून नाही चावत?"

मोनालीने रविवारचा खांब पुन्हा पाहिला.

"चावण्याआधी काय घडलं, त्या रकान्यात दर गुरुवारी 'विशेष काही नाही' लिहिलंस. आई कुठं असते तेव्हा?"

"बाजूलेच. हार गुंफत." मोनालीने नोंदवहीचं पान उलटलं. "गुरुवारी वहिनीचं मौन असते, मॅडम. दिवेलागणीपर्यंत."

"हे लिहिलं नाही?"

"ते तर नेहमीचंच हाय."

"मौन कशासाठी?"

"आचलनं बोलावं म्हणून."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला.

"आईनं बोलावं म्हणूनच चावत असेल. अजून हा अंदाजच आहे. वहिनी एखाद्या गुरुवारी बोलत राहिल्या, तर कळेल. विचारशील?"

मोनालीने होकारार्थी मान हलवली, पण व्रत मोडायला सांगणं तिला जड होतं. तिने स्वतः कधी चतुर्थीचा उपवास मोडला नव्हता.

संध्याकाळी तिने सांगितलं, तेव्हा गीतांजलीवहिनीच्या हातातली सुई झेंडूत तशीच राहिली.

"म्हंजे माह्यामुळं चावते?"

"तुमी बोलत नाही, म्हून तुमाले बोलावते. असं वाटते, वहिनी."

"महाराजांले शब्द देला हाय मी. पोरीसाठीच ना?"



गुरुवारी दुपारी ती नोंदवही घेऊन दुकानाशी आली. टोपलीपाशी वहिनीचा आवाज येत होता.

"ही शेवंती. दे मले, बाई. अस्सं. आता झेंडू दे."

आचलच्या दोन्ही मुठींत फुलं होती.

जरा वेळाने जेवायला बसल्यावर मोनालीने पहिला घास घेतला.

"वहिनी, भाजीत मीठ राह्यलं."

"तू घे वरून. मौनाच्या बदल्यात मी मीठ सोडलं, गुरुवारचं," वहिनी म्हणाली आणि आचलकडे वळली. "हं, माय, कोणता घास देऊ?"

मोनालीने मिठाचा डबा उघडला. मग झाकण लावून तो परत फळीवर ठेवला.