माहेरची तलंग

“थंडीच्या गं दिसामंदी, खुराड्याला पोतं लावी,
वरल्या गं फटीतून, वाऱ्यालाबी वाट ठेवी.”

जात्यावर बसलेल्या आईचा हा आवाज शांतवनानं ऐकला, तेव्हा तो पाटी-दप्तराच्या वयाचा होता. पुढं मास्तर झाला, नेवाशाच्या आसपासच्या शाळांत पस्तीस वर्षं पोरं शिकवली, निवृत्त झाला. आईची ओवी मात्र कुठंतरी मागंच राहिली.

घरच्या कोंबड्या त्याच्या बायकोच्या, दयाच्या. नऊ माद्या, एक तुर्रेबाज कोंबडा. दिवाळीत जामखेडहून तिच्या भावानं, जस्टिननं, एक तलंग दिली होती, अंड्यावर आलेली, पिवळ्या पायांची. नवी कोंबडी रोगाच्या भीतीनं वीस दिवस डालग्याखाली वेगळी ठेवायची, हा दयाचाच नियम. पण माहेरची म्हणून तिनं आठव्या दिवशीच डालगं उचललं. जुन्या माद्यांनी तलंगीला टोचून टोचून हाकललं. ती बिचारी खुराडं सोडून लिंबाच्या झाडावर बसायला लागली.

डिसेंबरात महिला मंडळाची सभा नगरला होती. दोन मुक्काम. निघताना दया म्हणाली, “पोरांची हजेरी घेणं सोपं असतं मास्तर. माझ्या लेकींना जपा.”

“जा गं बाई. तुझ्या लेकी मोजून घे आल्यावर.”

दुसऱ्या संध्याकाळी प्रवरेकडून असा गारठा सुटला, की हाडं वाजावीत. शांतवनाला राहवेना. शेततळ्याचा उरलेला काळा प्लास्टिकचा कागद त्यानं खुराड्याला चहूबाजूंनी गुंडाळला, सुतळीनं आवळला. एक फट म्हणून ठेवली नाही. आत कोळशाची शेगडी ठेवली. मायाच ती, दुसरं काय! सकाळी कोंबडा आरवला नाही. कागद सोडला तर दहाच्या दहा जीव एकमेकांना टेकून पडलेले. तेवढी लिंबावरची तलंग पंख फडफडवत खाली उतरली आणि दाणे मागायला लागली.

त्यानं बांधाला खड्डा घेतला, सगळ्या पुरल्या. शेगडी घासली, कागद जाळला, खुराड्याला चुना फासला. दुपारी दया दारात आली, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द निघाला, “मानमोडी.”

कोंबड्यांच्या साथीच्या रोगाचा एकच शब्द. पण मास्तरचा शब्द. वस्तीत कोण खोटा म्हणणार? शेजारच्या शरिफानं तासाभरात आपल्या चौदा कोंबड्या टेम्पोवाल्याला मिळेल त्या भावात देऊन टाकल्या.

“दयाभाबी, माहेरची माया तुमची, अन् उजाड माझं खुराडं!” ती कुंपणावरून बोलली. दरसालचं नाताळाच्या करंज्यांचं ताट तिनं त्या वर्षी झाकलेलंच परत धाडलं.

शरिफाचं बोलणं ऐकून दयानं तलंगीकडं पाहिलं. “सगळ्या मेल्या अन् ही जित्ती. हिनंच आणला रोग. मीच डालगं उचललं.” मग हात पुढं केला, “सुरी द्या.”

शांतवनानं सुरी दिली. स्वतःच्या हातानं दिली. तलंगीच्या पोटात पिवळं, अजून कवच न धरलेलं अंडं निघालं. दयानं ते मातीत लोटलं आणि हात धूत बसली, किती वेळ धूत बसली. त्याच दिवशी तिनं भावाला फोनवर सांगितलं, “माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस.”

दिवस गेले. सकाळी उठून दया मूठभर ज्वारी घ्यायची, परसात जायची, आणि तशीच मूठ घेऊन माघारी यायची. शांतवन रोज ठरवायचा, आज सांगू. चहा निवायचा, सांगणं राहायचं.

जानेवारी सरता सरता जस्टिन आला. हातात डालगं, त्यात चार तलंगा.

“हितूनच माघारी फिर,” दया उंबऱ्यावर आडवी उभी राहिली.

“आक्का, माझ्या घरी एक कोंबडी दगावली न्हाई. गावात कुनाचीच न्हाई. कुनालाबी इचार.”

“म्हंजे मी खोटी? का तुझे दाजी खोटे?”

“तसं न्हाई गं. तुजं नुकसान झालं, म्हनून आनल्यात. घे, अन् मग बोलू नको माज्याशी. चालंल.”

“एकदा कोंबड्या ठेवून पोट भरलं माझं! ने त्या. अन् पुन्हा बहीण म्हणू नको मला.”

जस्टिन वाकला, डालगं उचललं. वळताना त्यानं शांतवनाकडं पाहिलं. “येतो दाजी. आक्काला जपा.”

शांतवन खांबाला धरून उठला.

“थांब जस्टिन. दया, मानमोडी नव्हती. मी शेगडी ठेवली आणि वरून कागद आवळला. धुरानं गुदमरून मेल्या. तू कापलीस, ती चांगली होती.”