सोमवारचं मौन

"सोमवारनं मौन मोडू नको, माय. दिवा लाव्याशिवाय बोलानं नही." सासू झुंबरबाई जाताना एवढंच सांगून गेल्या, आणि भिकुबाईंनी ते बारा वर्षं पदराच्या गाठीसारखं जपलं.

अडतीस साली त्या धुळ्याच्या लोकल बोर्डाच्या अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या, तर निवडणूक नेमकी श्रावणी सोमवारी लागली. ती लावून घेणारे लीलाधरशेठ, त्यांचेच प्रतिस्पर्धी. उमेदवारानं भर सभेत संमती द्यायची, असा नियम.

"बोलली तर म्हणू, व्रत मोडलं, बाटली. नाही बोलली तर खुर्ची गेली," शेठ पान लावता लावता सांगत सुटले होते. दीर वनानं ते घरी येऊन सांगितलं.

"वहिनी, एका शब्दानं देव रुसत नाही."

"देव नसेल रुसत, भाऊ. पण मी सासूबाईंना शब्द दिलाय."

शब्द तर गुंताबाईलाही दिला होता. साक्रीकडच्या पाड्यावरची ती बाई कोसभरावरून पाणी आणायची. निवडून आले तर पहिलं पाऊल तुझ्या पाड्यावर, विहिरीची जागा बघायला, असं भिकुबाई तिला म्हणाल्या होत्या. एक शब्द पाळावा तर दुसरा मोडत होता.

सभेत अधिकाऱ्यांनी विचारलं, "बाई, आपली संमती आहे ना?"

भिकुबाईंनी पिशवी मांडीवर ओढली.

"घरी विचारून येतील," मागून कुणी म्हणालं. हशा पिकला.

भिकुबाईंनी पिशवीतून रामनामाची वही काढली. रोज एकशे आठ वेळा नाम लिहायचा त्यांचा नेम.

"घ्या, जप सुरू," शेठ म्हणाले. "रामापलीकडे एक अक्षर येत असेल तर शपथ."

भिकुबाईंनी कोरं पान उलटलं, सावकाश लिहिलं, वही पुढे सरकवली. अधिकाऱ्यांनी मोठ्यानं वाचलं, "होय, मी उभी आहे. भिकुबाई पाटील." मग म्हणाले, "लेखी संमती चालते."

शेठचं पान तोंडातच राहिलं.

"बाईच्या हाताखाली बसायचं का?" असं सकाळी विचारणारे बोर्डाचे सभासद अभिमन आबा मिशीत हसले. "न बोलता शेठला गप केलं हिनं. बोलाय लागली म्हणजे काय करील?" आणि मतदानात त्यांनी तिच्यासाठी हात वर केला. त्याच एका हातानं भिकुबाई निवडून आल्या.

संध्याकाळी देवापुढे दिवा लागला. सासूबाईंच्या जुन्या माळेला हात लावून भिकुबाई दिवसातलं पहिलं वाक्य बोलल्या.

"वनाभाऊ, साक्रीची पहिली मोटार किती वाजता सुटते?"

मंगळवारी उजाडता उजाडता तुळशीला पाणी घालून, वही पिशवीत टाकून, त्या कुणाला न उठवता मोटारीच्या वाटेला लागल्या.