पाठराखीण

सुनेचं भाषण ठरलं तेव्हाच वनमाला राणेबाईंनी कपाळाला हात लावला. विक्रोळीच्या त्यांच्या सोसायटीत महिला मंडळाच्या सभेला दर महिन्याला कोणी ना कोणी पाहुणी यायची. कधी योगासनंवाली, कधी केकवाली. या वेळी अध्यक्ष राधाकाकूंनी परस्पर गार्गीला गाठलं. गार्गी मरोळच्या एका प्रयोगशाळेत जंतूंवर काम करते, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. आणि पोरीने विषय कुठला दिला? लघवीचा जंतुसंसर्ग.

"अगो, दुसरो विषय गावाक नाय तुका?" वनमालाबाई म्हणाल्या. चिडल्या की त्यांच्या तोंडी मालवणी यायची. "डेंग्यूवर बोल, मलेरियावर बोल."

"आई, मी डेंग्यूवर काम करतच नाही ना. माझे जंतू तिथेच जाऊन चिकटतात."

 वर्षभरात वनमालाबाईंना स्वतःला हा त्रास तीनदा झाला होता आणि ते घरात कोणाला माहीत नव्हतं. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून त्या घाटकोपरच्या डॉक्टरणीकडे जात. घरी सांगत, मावशीकडे जाऊन येते.

चार संध्याकाळ गार्गीने स्वयंपाकघरात भाषणाची तालीम केली. वनमालाबाई मेथी निवडत ऐकत राहिल्या. नको नको म्हणता सगळं डोक्यात बसलं.

शनिवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये तीसेक बायका जमल्या आणि प्रोजेक्टर काही केल्या लागेना. गार्गीची सगळी चित्रं त्यातच. तिने तसंच सुरू केलं, पण चित्रांवाचून तिचे शब्द जडच होत गेले. प्रथिनं, बाह्य आवरण, उपघटक. मागच्या रांगेत जांभया सुरू झाल्या. दोघी तर एकमेकींच्या साड्यांचे पोत बघायला लागल्या. गार्गीचा चेहरा पडलेला वनमालाबाईंना बघवेना. त्या उठल्याच.

"गार्गी, थांब. नुसतं सांगू नको. यांना उभं कर."

"उभं करू? कशाला?"

"तंतू बनवायला!"

हॉलला लागून चहा करायची खोली होती. वनमालाबाईंनी आठ बायकांना आत घातलं आणि स्वतःही आत शिरल्या. खोली म्हणजे जंतू आणि खोलीचं दार म्हणजे त्याच्या कातडीतलं भोक. तिसऱ्या मजल्यावरच्या जयंतीबेन बाहेर लांब खुर्चीत बसल्या. त्या झाल्या मूत्राशयाच्या आतली पेशी.

आता गार्गीलाही जोर आला. "लघवीच्या धारेत जंतू वाहून जायचा. म्हणून तो अंगावर तंतू उगवतो आणि टोकाने पेशीला धरतो. तंतूचा प्रत्येक तुकडा मात्र अर्धवट असतो. त्याला एक खाच असते. तुमचा डावा हात म्हणजे ती खाच. रिकामी राहिली तर तुकडा वेडावाकडा होतो, भलत्यालाच चिकटतो. म्हणून आत कोणीतरी ती खाच धरून त्याला दारापर्यंत आणतं. त्याला म्हणतात शॅपेरोन, म्हणजे…"

"पाठराखीण!" वनमालाबाई ओरडल्या. "नवरीबरोबर सासरी जाते ती!"

हॉलभर हशा पिकला. पाठराखीण झाली श्वेता, पहिल्या मजल्यावरची बँकवाली. पहिला तुकडा वनमालाबाई; त्यांचा डावा हात धरून तिने त्यांना दारात आणलं. मागून दुसरा तुकडा झालेल्या राधाकाकूंनी आपला उजवा हात त्याच डाव्या हातात सरकवला आणि श्वेता हात सोडून आत पळाली, पुढच्या नवरीला आणायला. दर बाईसरशी रांग दारातून एक पाऊल पुढे सरकत होती. आठवी बाई जोडली गेली आणि सगळ्यांत पुढे असलेल्या वनमालाबाईंनी जयंतीबेनचं मनगट पकडलं.

"श्वेता, आता तू लघवीची धार!" गार्गी म्हणाली. श्वेताने लाजत लाजत, मग जोर लावून रांग ढकलली. रांग हलेना.

मग गार्गीने खाऊच्या ताटातला रव्याचा लाडू उचलून वनमालाबाईंच्या उजव्या मुठीत दिला. "पेशीवर एक साखर असते, तिलाच ही मूठ धरते. तशीच साखर मुठीत आधीच बसवली तर?"

वनमालाबाईंना मनगट धरता येईना. श्वेताने एक धक्का दिला आणि आठही जणी हसत, धडपडत खुर्च्यांवर जाऊन पडल्या.

"म्हणजे लाडू खाल्ले की झालं?" राधाकाकूंनी विचारलं.

"नाही हो काकू! ही साखर वेगळी, त्यावर अजून काम चाललंय. त्रास झाला की डॉक्टरकडेच जायचं आणि गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत."

हसणं ओसरल्यावर जयंतीबेन हळूच म्हणाल्या, "पण परत परत का होते? आपण स्वच्छ नाय राहत म्हणून?"

 वर्षभर वनमालाबाई स्वतःला हेच विचारत होत्या.

"तसं मुळीच नाही," गार्गी म्हणाली. "चिकटलेल्यांतले काही पेशीच्या आत शिरून दडून बसतात, मग पुन्हा बाहेर येतात. त्यात तुमची काय चूक?"

"मला वर्षात तीनदा झालं," वनमालाबाई मोठ्याने बोलून गेल्या.

गार्गी वळली. "आई?"

"घाटकोपरची मावशी म्हणजे डॉक्टरीण गो."

 मग राधाकाकूंचा हात वर गेला. "मला दोनदा." मागून आणखी दोन हात, मग जयंतीबेनचा. पाच जणी निघाल्या.

घरी आल्यावर चहाची कपबशी हातात धरून गार्गी समोर उभी राहिली. "मला का नाही सांगितलंत?"

"दिवसभर तू जंतूंतच असतेस. घरी आल्यावर परत माझे दाखवू?"

गार्गीला इतकं हसू आलं की हातातला चहा बशीत सांडला.

सोमवारी सकाळी दोन रिक्षा करून पाचही जणी घाटकोपरला गेल्या. जयंतीबेननी थेपले बांधून घेतले होते. दवाखान्यातल्या मुलीने नमुन्यासाठी एकदम पाच बाटल्या काढून दिल्या, आणि तपासणीच्या खोलीत आधी कोण जाणार यावरून बाहेर पाच जणींची अशी काही जुंपली की डॉक्टरीणबाई स्वतः उठून बाहेर आल्या.