तांबी काढायचं कारण

"चिमणे, मागे बघ जरा," मावशी इस्त्री उभी करत म्हणाली. "पुन्हा?"

चिमणीनं मागे बघितलं नाही. डाग पडल्याचं तिला कळलंच होतं. मावशीनं स्वतःचा ॲप्रन सोडला आणि तिच्या कमरेला मागच्या बाजूनं बांधला. समोर हॉटेलच्या पांढऱ्या चादरींचा ढीग होता.

लॉन्ड्रीत तिला सगळे चिमणी म्हणत, चणच तेवढी होती तिची. वय बावीस, पदरी दोन मुली. धाकटीच्या बाळंतपणात, ती पुरती भानावरही आली नव्हती तेव्हा, दवाखान्यात तिला तांबी बसवली. तिला कुणी विचारलं नव्हतं. घरी निघताना हातात कागद ठेवला, तेव्हा समजलं. तिला त्याचा रागही आला नव्हता, तिसरं मूल तिलाही नकोच होतं. पण गेले आठ महिने, महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जात होतं. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची.

अर्धी अर्धी रजा टाकून ती तीनदा दवाखान्यात जाऊन आली. पहिल्यांदा सिस्टर म्हणाली, "होईल सवय." दुसऱ्यांदा डॉक्टरीणबाई रजेवर होत्या. तिसऱ्यांदा सिस्टरनं पेन खाली ठेवलं.

"काढू म्हणतेस? आणि वर्षभरात पोट घेऊन आलीस की वरून बोलणी मी खायची."

"दिवस न जाण्याच्या गोळ्यांची माळ द्या ना, सिस्टर. रोज घेईन."

"दोन पोरींच्या मागे धावताना विसरशील. सगळ्या विसरतात. नवऱ्याला घेऊन ये, मग बघू."

नवरा म्हणाला, "बायकांच्या दवाखान्यात माझं काय काम? चाललंय ना सगळं व्यवस्थित?"

त्याचं चाललं होतं व्यवस्थित.

"बसवताना त्याला विचारलं होतं का?" मावशी त्या दुपारी करवादली.

"मला तरी कुठे विचारलं होतं?" चिमणी चादरीची घडी दाबत म्हणाली. "मला त्रास होतो म्हणून ते काढायचे नाहीत, मावशी."

"मग कशासाठी काढतील?"

चिमणीनं ढिगातली पुढची चादर ओढली. दुसऱ्या दिवशी ती चौथ्यांदा त्याच बाकावर जाऊन बसली.

"नवऱ्याला मुलगा हवाय," आत गेल्यावर तिनं सांगितलं. असं सांगताना खाली घालतात तशी मान खाली घालून.

सिस्टरचा चेहराच पालटला. "अगं, मग आधी नाही का सांगायचं!"

नवरा कुठे आहे, हे तिनं विचारलं नाही. पाच मिनिटांत काम झालं. एक कळ आली आणि गेली. ट्रेमध्ये काहीतरी किणकिणलं. चिमणीनं मान उचलून पाहिलं. एवढीशीच होती.

सिस्टरनं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. "रक्तच नाही गं तुझ्या अंगात! या लोहाच्या गोळ्या महिनाभर घे, मग लागा तयारीला. आणि जड उचलू नकोस." तिनं पाठीवरून हातही फिरवला.

मागच्या कपाटात गोळ्यांच्या माळा रचून ठेवल्या होत्या. चिमणीनं तिकडे पाहिलं. ओठ हलले.

"काय गं?"

"काही नाही."

मुलगा मागायला आलेल्या बाईनं त्या माळा कुठल्या तोंडानं मागायच्या? आणि नाक्यावरचा औषधवाला म्हणजे नवऱ्याच्या रोजच्या बैठकीतला. ती लोहाच्या गोळ्या घेऊन घरी आली.

रात्रीची जेवणं आटोपल्यावर तिनं जमिनीवर अंथरूण घातलं. रोज मुली भिंतीकडे झोपत. आज तिनं थोरलीला मधोमध झोपवलं, तिच्याशेजारी धाकटीला, आणि स्वतः भिंतीशी जाऊन टेकली.

नवरा दारात टॉवेलनं मान पुसत उभा होता. "पोरी मध्ये कशाला?"

"धाकटी कडेवरून पडते."

"जमिनीवरून कुठे पडणार ती?"

"तरी," चिमणी म्हणाली आणि दोघींच्या अंगावरून चादर नीट खोचून घेतली.