अपुरे संदर्भ

तिन्ही दैनिकांत अनुस्वार एकाच जागी चुकला होता. 'निलंबित'मधलं टिंब 'ल'वरून सरकून पुढच्या अक्षरावर बसलं होतं. 'निलबिंत विद्यार्थिनी'. एखाद्याचा हात चुकतो. पण तीन कचेऱ्यांतली तीन माणसं एकच टिंब मोजून एका अक्षराने पुढे ढकलत नाहीत. बाईंनी तिन्ही कात्रणं पडद्यावर शेजारी शेजारी लावली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली.

म्हणजे बातम्या तीन नव्हत्या, एकच होती. विद्यापीठाचं पत्रक तिघांनी जसंच्या तसं छापलं होतं. एका बाटलीतलं पाणी तीन नळ्यांत ओतलं म्हणून नमुने तीन होत नाहीत, हे पाणी तपासणी प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या बाईंना वेगळं शिकायला नको होतं.

ऑनलाइन ज्ञानकोशाचं काम त्या अकरा वर्षं बिनपगारी करत होत्या, 'सूक्ष्म' या टोपणनावाने. शेवाळं, गोगलगाई, क्वचित एखादी नदी. हे पान मात्र एका एकवीस वर्षांच्या मुलीचं होतं. वसतिगृहाचं पाणी खराब आहे म्हणून ती भोजनगृहाच्या दारात उभी राहिली, चारशे मुलींना तिने पेले खाली ठेवायला लावले, आणि अफवा पसरवल्याबद्दल तिचं नाव विद्यापीठाने पटावरून तात्पुरतं काढलं. मैत्रिणींनी पान लिहिलं. कुणीतरी 'ही मुलगी ज्ञानकोशात येण्याइतकी उल्लेखनीय आहे का?' अशी पाटी त्यावर लावली. स्वतंत्रपणे लिहिलेल्या दोन-तीन बातम्या असल्या तरच पान राहतं, असा नियम. निकाल बाईंनी द्यायचा होता. सात दिवसांची मुदत त्यांनी दोनदा वाढवली होती.

"अठरा दिवस?" नवरा समोर मटार सोलत बसला होता. "आपलं लग्न चार दिवसांत ठरलं होतं."

"तेव्हा संदर्भ तपासले नव्हते," बाई म्हणाल्या.

तो हसला. त्यांना हसू आलं नाही. चहा निवत होता, त्या उठून खिडकीपर्यंत जात होत्या, परत येऊन तेच कात्रण उघडत होत्या.

कामावर निघायच्या आधी फोन वाजला. पलीकडे ज्ञानकोशाचे दुसरे संपादक 'खोडरबर' होते, भूमितीचे निवृत्त शिक्षक. लोकांची पानं उडवण्यात हात सैल, म्हणून हे नाव पडलेलं.

"सूक्ष्मताई, किती ताणायचं? ठेवा नाहीतर उडवा. तिकडे चर्चेत लोक एकमेकांच्या उरावर बसलेत."

"एक विचारू? एखाद्याला आतून माहीत असेल, की मुलगी खरं बोलते आहे?"

"आतून माहीत असलेलं आपल्याकडे चालत नाही. कुठंतरी उघड नोंदलेलं दाखवा. नियम तुम्हीच मला शिकवलात." मग त्यांनी विचारलं, "तुमचा काही संबंध आहे का तिच्याशी?"

बाईंनी दाराची कडी उगाच काढली आणि लावली.

"आहे."

"अरे देवा. मग निकालाचं मी बघतो. तुम्ही संबंध सांगा आणि नुसतं मत द्या. पण आज द्या."

संबंध एवढाच होता, की ते पाणी बाईंनी तपासलं होतं.

पाच आठवड्यांपूर्वी ती मुलगी सरबताच्या बाटलीत पाणी घेऊन प्रयोगशाळेच्या खिडकीशी आली होती. बाईंनी तिला परत पाठवलं. निर्जंतुक बाटल्या दिल्या, नळाचं तोंड ज्योतीने कसं भाजायचं ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती बर्फात ठेवलेल्या सहा बाटल्या घेऊन हजर. प्रत्येकीवर चिठ्ठी: सकाळी ६.४०, दुसरा मजला, उजवा नळ. इतक्या वर्षांत इतके नेटके नमुने बाईंनी सरकारी माणसाकडूनही घेतले नव्हते. शंभर मिलिलिटरमध्ये विष्ठेतला एकही जंतू असता कामा नये. सहापैकी पाच बाटल्यांत चाळीसच्या वर निघाले. आकडे नोंदवहीत चढले. अहवाल मात्र साहेबांच्या टेबलावरून परत आला.

"वरून फोन आहे. जरा दमानं घ्या," साहेब म्हणाले होते. "आठ महिन्यांत निवृत्ती ना तुमची? कशाला हात पोळून घेता?"

आणि बाईंनी दमानं घेतलं होतं. नियमाने अहवालावर सही बाईंचीच लागत होती, साहेबांची नव्हे. हे साहेबांना ठाऊक होतं आणि त्यांनाही.

आज दुपारी मुलगी पुन्हा आली. पाचव्यांदा. केस विंचरलेले नव्हते, ओठ सुकलेले.

"मॅडम, अहवालाचं काही झालं का? उद्या माझी चौकशी आहे. काही हातात नसेल तर वर्ष गेलं म्हणून समजा."

मागच्या टेबलावरचा मदतनीस काचा धुवायचा थांबला. साहेबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

"ते इंटरनेटवरचं पान तू लिहिलंस?" बाईंनी विचारलं.

मुलगी गोंधळली. "नाही हो. मैत्रिणींनी. लाजच वाटते मला, 'लढाऊ नेतृत्व' वगैरे. मी सहा बाटल्या भरल्या, एवढंच. पण ते उडालं ना, तर सगळे म्हणतील, बघा, खोटीच होती."

"तसं म्हणतील," बाई म्हणाल्या.

त्यांनी कपाट उघडून अहवालाची मूळ प्रत काढली आणि आकडे नोंदवहीशी एकेक करून ताडून पाहिले. सहाही. ओळीखाली पट्टी लावून. आतून साहेबांची खुर्ची करकरली.

"बाई, जरा आत येता का?"

"येते. हे संपवून."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि मुलीकडे पाहिलं. आवाज चढवला नाही; पण तो आतल्या खोलीपर्यंत सहज जात होता.

"तुझं पान काढून टाकावं, असं मी आज तिथे लिहिणार आहे, माझ्या खऱ्या नावाने. अजून पुरेसं कुठं नोंदलेलंच नाही. आणि तुमच्या वसतिगृहाचं पाणी पिण्यालायक नाही, हे मी इथे सही करून देते आहे."