शंका आली की सुई

घड्याळजीला कुठे कापलं की रक्त थांबायचंच नाही, जन्मापासूनचं दुखणं. पोरं त्याला 'काचेचं भांडं' म्हणायची. आई गेली तेव्हा मोठ्या मुलीच्या, म्हणजे ताईच्या, पदरात दोनच गोष्टी टाकून गेली: फ्रिजमधल्या रक्त गोठवणाऱ्या औषधाच्या बाटल्या आणि एक नियम. शंका आली की सुई, पुढचं पुढे. ताईने चाळीस वर्षं भावाला तळहाताच्या फोडासारखं जपलं. भल्याभल्या नर्सबाईंना न सापडणारी त्याची नस तिला डोळे मिटून सापडायची. त्याचा तिला तोराही होता, आणि का नसावा?

मग त्याच्या हृदयाची झडप बिघडली. सर्जन म्हणाले, "धातूची बसवली तर जन्मभर रक्त पातळ करायची गोळी. याला ती कशी देणार? जनावराच्या पडद्याची बसवू." बसवली. रक्ताच्या डॉक्टरीणबाईंनी रोज मोजूनमापून औषध दिलं आणि तो सुखरूप घरी आला. निघताना बाई ताईला म्हणाल्या, "आता कागदावर लिहिलंय तेवढंच द्यायचं. जास्त झालं तर नव्या झडपेवर गुठळी होईल. काही वाटलं तर आधी मला फोन."

ताईने मान हलवली. मान हलवायला काय जातं?

अकराव्या दिवशी, रविवारी, त्याचा गुडघा टेबलावर आपटला. "जरासंच लागलंय गं, सोड," तो म्हणाला. तिला मात्र गुडघा सुजलेला दिसला. दोनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. तिने सुई दिली. संध्याकाळी, मनाच्या समाधानासाठी, आणखी एक. सोमवारी दोन, मंगळवारी दोन. सूज उतरली, तशी ती निवांत झाली.

बुधवारी सकाळी घड्याळ उघडता उघडता त्याच्या उजव्या हातातला चिमटा गळून पडला. ताई धावत आली तोवर तोंडही वाकडं झालं होतं.

"झडपेवरची गुठळी मेंदूत गेलीय," डॉक्टरीणबाई त्याच्या खाटेशी म्हणाल्या. "उजवा हात बहुतेक परत यायचा नाही. कागदाबाहेर काही दिलं होतं?"

"सहा," ताई म्हणाली. "रविवारी तुम्ही फोन उचलला नाहीत."

"सोमवारी उचलला असता."

आपल्याच हाताने आपण त्याचा हात हिरावला, एवढंच ताईला कळत होतं, आणि ती रडू लागली.

भावाला बोलता येत नव्हतं. ताई रडतेय म्हणजे आपलं दुखणं वाढलंय, एवढंच त्याला समजलं. त्याने दातांनी बाही वर ओढली आणि नेहमीसारखा डावा हात तिच्यापुढे केला.